स्वभाव बदलायचाय? आधी एकच गोष्ट धरा

शिस्त, आत्मविश्वास, संयम, बोलकेपणा... नवीन माणूस हमखास अशीच यादी करतो आणि दहाव्या दिवशी सगळंच सोडतो. यातलं एकच निवडा.

जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांच्या स्वभावातल्या फरकाचा साधारण ४० ते ५० टक्के भाग आनुवंशिक असतो. म्हणजे अबोल माणूस सभा गाजवेलच असं नाही, पण अनोळखी माणसाशी स्वतःहून बोलायला शिकू शकतो. सुरुवातीला तेवढं पुरे.

- गुण नको, कृती लिहा. 'शिस्त आणायची' म्हणून काही हलत नाही. 'रात्री दात घासले की उद्याच्या कामांतली पहिली तीन कागदावर लिहायची', हे हलतं. आधीच रोज घडणाऱ्या गोष्टीला नवी कृती बांधली की वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.
- ती थकलेल्या दिवशीही जमेल इतकी छोटी हवी. इथेच बहुतेक जण फसतात: उत्साहाच्या दिवशी मोठं माप ठरवतात.
- '२१ दिवसांत सवय लागते' हा हिशेब विसरा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मधला आकडा ६६ दिवस होता. माणसागणिक हा काळ अंदाजे १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरला होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

'मी अमुक टाइपचा' असं सांगणाऱ्या ऑनलाइन चाचण्या तूर्तास राहू द्या (करमणूक म्हणून ठीक). तीन महिन्यांनी घरातल्या कुणाला तरी विचारा, फरक दिसतो का. नाहीच दिसला, तर कृती बदला, गुण तोच ठेवा.