इंग्रजीत ‘मला पटत नाही’ कसं म्हणायचं? मीटिंगमध्ये मी उद्धट वाटतो असं साहेब म्हणतात, कोणते इडियम पाठ करू?

पाठ करायच्या भानगडीत पडूच नका. आणि ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ तर अजिबात नको. हे वाक्य मला एका माणसाने नम्रतेचं म्हणून शिकवलं आणि त्यापायी चार लोकांत मान खाली घालावी लागली.

मी अमळनेरचा, घरात अहिराणी. रावेरकडे एका केळी एक्सपोर्टवाल्याच्या पॅकहाऊसला होतो, माल आखातात जायचा, तिकडचा खरेदीवाला माणूस इंग्लंडचा. एकदा माल पोचेपर्यंत पिवळा पडला म्हणून तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला पुढचा कंटेनर ११ डिग्रीवर लावा. आता केळीत काम केलेल्या कुणालाही विचारा, १३ च्या खाली गेलं की केळीला थंडी बाधते, वरून हिरवी दिसते पण सालीखाली तपकिरी रेघा पडतात आणि पिकायला लावली की पिवळीधमक न होता राखाडी, मळकट होते. आमचे सिनियर, ऑफिसच्या ग्रुपवर रोज सकाळी एक इंग्रजी वाक्य टाकणारे, गप्प बसले. मला राहवलं नाही, त्यांनीच शिकवलेलं बोललो, ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट सर, आय हॅव अ डाउट.’

तो माणूस खुर्चीत ताठ झाला. ‘डाउट? अबाउट व्हॉट?’

आपल्याकडे डाउट म्हणजे काहीतरी विचारायचंय, शाळेपासून हात वर करून हेच म्हणतो. त्यांच्याकडे डाउट म्हणजे तुमच्या बोलण्यावर भरवसा नाही. आणि ते रिस्पेक्टवालं वाक्य तिकडे समोरच्याचं खोडून काढायच्या आधी लावतात, ऐकणारा तिथेच सावध होतो. त्याला वाटलं मी म्हणतोय की माल पिवळा पडलाच नव्हता, फोटो खोटे आहेत. सिनियरनी माइक म्यूट केला आणि पॅकिंगच्या बायकांसमोर मला म्हणाले, खेड्यातल्या माणसाला बोलायची रीतच नसते.

रीत नसते? माझी आजी बांधाच्या भांडणात सुद्धा आधी म्हणायची, ‘तुन्हं खरं शे भाऊ, पन…’ आणि त्या पन नंतर वीतभर जागा सोडायची नाही. रात्री मी तेच इंग्रजीत मेलमध्ये लिहिलं, ‘आय सी व्हाय यू वॉन्ट इट कोल्डर, बट ॲट इलेव्हन द पील विल गो ग्रे’, सोबत खराब सालीचा फोटो. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, ‘फेअर पॉइंट.’ कंटेनर साडेतेरावर लागला.

तर तुमच्या प्रश्नाचं. ‘आय सी युवर पॉइंट, बट’ किंवा ‘आय टेक युवर पॉइंट, बट’ एवढ्यावर निम्म्या मीटिंगा निघतात, फक्त बटच्या पुढे कारण पाहिजे. जरा मऊ हवं तर ‘आय ॲम नॉट सो शुअर अबाउट दॅट’. स्वतःचं मत सांगायला ‘द वे आय सी इट’. ‘डेव्हिल्स ॲडव्होकेट’ स्वतःच्या मताला लावू नका, कॅथलिक चर्चमध्ये कुणाला संत ठरवण्याआधी मुद्दाम विरुद्ध बाजू मांडायला माणूस नेमायचे त्यावरून तो शब्द आलाय, मत तुमचंच असेल तर सरळ तुमचं म्हणून सांगा. ‘अग्री टू डिसअग्री’ म्हणजे वाद इथेच थांबवू, उद्या सकाळी कंटेनर भरायचाय तिथे ते काय कामाचं. आणि ‘आय ॲम नॉट अग्री’ मधला ‘ॲम’ काढा, ‘आय डोन्ट अग्री’.

हा, माझा संबंध जास्त इंग्लंडच्या लोकांशी आला, अमेरिकन माणसाला एवढी प्रस्तावना लागेलच असं नाही. तुमचे साहेब मराठी असतील तर मराठीतच बोलून बघा आधी.

सिनियर अजूनही लग्नाकार्यात भेटले की सांगतात, वाक्य बरोबर होतं, तुझा उच्चार चुकला. दादा, वाचत असाल तर, प्रश्न उच्चाराचा नव्हता. साडेतेराचा तो माल हिरवाच पोचला, मेल अजून माझ्याकडे आहे.