रे यूरीची सुवर्णपदकं आठ की दहा? तुमच्या अडचणीवर थोडं सविस्तर

तुमची अडचण वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. तुम्ही प्रश्नमंजुषा स्पर्धेत विचारलंत, ‘रे यूरीने ऑलिम्पिकमध्ये किती सुवर्णपदकं जिंकली?’ उत्तरपत्रिकेत आठ होतं. एका संघाने दहा सांगितलं आणि जुन्या संदर्भग्रंथाचं पान समोर ठेवलं. आता आयोजक तुमच्यावरच ढकलतायत: प्रश्न रद्द करायचा की नाही ते तुम्ही सांगा. अमेरिकेचा हाच उडीपटू आणि हाच आकडा यांवरून मीही एकदा पुरती भरडले गेले आहे, म्हणून सांगते.

आधी उत्तर. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या आजच्या नोंदींप्रमाणे आठ. पॅरिस १९०० मध्ये तीन, सेंट लुईस १९०४ मध्ये तीन, लंडन १९०८ मध्ये दोन. सगळी जागेवरून, म्हणजे धाव न घेता मारायच्या उड्यांची: उंच, लांब आणि तिहेरी. १९०८ मध्ये जागेवरची तिहेरी उडी कार्यक्रमातून गेली होती, म्हणून तिथे दोनच. (लहानपणी पोलिओ झालेला हा माणूस, पाय बळकट व्हावेत म्हणून उड्या मारायला लागला. पॅरिसला तीनही शर्यती एकाच दिवसात जिंकला. त्याच्यावर प्रश्न काढावासा वाटणं साहजिकच आहे.)

पण त्या संघाने दहा हा आकडा हवेतून काढलेला नाही. १९०६ च्या एप्रिलमध्ये अथेन्सला एक स्पर्धा झाली. दर चार वर्षांच्या ऑलिम्पिकच्या मधल्या काळात अथेन्सला एक ऑलिम्पिक भरवायचं अशी ती योजना होती, आणि त्या वेळी खेळाडूंनी, वर्तमानपत्रांनी, खुद्द आयोजकांनी तिला ऑलिम्पिकच म्हटलं. यूरीने तिथे आणखी दोन सुवर्णं घेतली. देशवार संघ करून झेंड्यांमागे संचलन करण्याची रीतही तिथेच रुळली. लांब उडीत दुसरा आलेल्या आयरिश पीटर ओ’कॉनरच्या यशासाठी ब्रिटनचा झेंडा चढवला, तेव्हा तो स्वतः खांबावर चढला आणि हिरवा आयरिश झेंडा फडकवला, तो प्रसंगही याच स्पर्धेतला. पुढे ही मधली स्पर्धा बंद पडली. १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने नेमलेल्या, एव्हरी ब्रंडेज यांच्या उपसमितीने तिला मान्यता द्यायला नकार दिला, आणि यूरीची दोन पदकं अधिकृत यादीत आलीच नाहीत. जुनी पुस्तकं त्याला दहा पदकं देतात, ती खोटी नाहीत. त्यांनी वेगळं मोजलंय, एवढंच.

तेव्हा माझं मत विचाराल तर दोन्ही संघांना गुण द्या. प्रश्न रद्द करू नका. रद्द केला तर ज्यांना उत्तर येत होतं त्या दोघांचं नुकसान आणि ज्यांना काहीच येत नव्हतं त्यांचा फायदा. मी कुठल्याही ऑलिम्पिक संघटनेची कोणी नाही, तुमच्या स्पर्धेची नियमावलीही पाहिलेली नाही. तिच्यात ‘आयोजकांचा निर्णय अंतिम’ असेल तर माझं मत बाजूला ठेवा. न्याय कशात आहे, ते मात्र मला स्वच्छ दिसतंय.

आता माझं काय झालं ते. एका संस्थेच्या आंतरशालेय स्पर्धेसाठी मी प्रश्नसंच करून दिला होता. त्यातला यूरीचा प्रश्न असा होता: ‘आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या सध्याच्या नोंदींनुसार, १९०६ ची अथेन्सची स्पर्धा न धरता, रे यूरीची सुवर्णपदकं किती?’ लांबलचक आहे, मान्य. पण त्यातला एकही शब्द फालतू नाही. संस्थेच्या कार्यालयात कोणीतरी तो छाटला. कारण काय, तर प्रश्न एका ओळीत बसत नव्हता. छापण्याआधी मुद्रित मला दाखवायचं ठरलं होतं, ते दाखवलं नाही. पुस्तिकेत आलं ते एवढंच: ‘रे यूरीची ऑलिम्पिक सुवर्णपदकं किती?’

अंतिम फेरीत एका मुलीने उत्तर दिलं, “१९०६ धरून दहा, न धरता आठ.” त्या सभागृहात याहून पूर्ण उत्तर दुसरं कोणी देऊ शकलं नसतं. सूत्रसंचालकाच्या हातातल्या कार्डावर फक्त ८ लिहिलेलं. तोंडून आधी ‘दहा’ निघालं म्हणून उत्तर चूक, आणि त्या एका प्रश्नावर तिचा संघ हरला. मी उठून बोलले, तर सांगण्यात आलं की लेखी अर्ज करा. अर्ज केला, सोबत माझं मूळ हस्तलिखित जोडलं. उत्तर आलं की उत्तरसूची अंतिम आहे आणि प्रश्नांची जबाबदारी प्रश्नकर्त्याची. शब्द कोणी गाळले, याबद्दल चकार शब्द नाही. निदान शुद्धिपत्र तरी चिकटवा म्हटलं, तर पुस्तिका वाटून झाल्यात. पुढच्या आवृत्तीत तीच ओळ जशीच्या तशी, खाली माझं नाव. शिक्षक मला विचारत राहिले की तुम्हाला १९०६ माहीत नव्हतं का. त्या मुलीला मी पत्र लिहिलं, पण हिरावलेला निकाल पत्राने परत मिळत नाही. हे आठवलं की आजही संताप होतो.

म्हणून कळकळीने सांगते: तुमचा मूळ मजकूर, पाठवल्याच्या तारखेसकट, जपून ठेवा. आणि संच देतानाच लेखी कळवा की प्रश्नाच्या शब्दांत बदल केल्यास माझं नाव काढा. उद्धट वाटेल, वाटू दे.

प्रश्न कसे निवडायचे, सोपं-कठीण कसं ठरवायचं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. जुन्या नोंदी कशा हलतात तेवढं सांगते, कारण तुमच्या यादीतले आणखी दोन-तीन प्रश्न त्याच वाटेवर आहेत.

‘१९१२ च्या डेकॅथलॉनचा विजेता कोण?’ हे तुम्ही घेतलंय (डेकॅथलॉन म्हणजे दहा मैदानी प्रकारांची मिळून एक स्पर्धा). उत्तर जिम थॉर्प, आणि आज ते निर्विवाद आहे. पण हे उत्तर किती वेळा बदललं पाहा. स्टॉकहोमला थॉर्प जिंकला. पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता म्हणून १९१३ मध्ये त्याचं पदक काढून घेतलं आणि स्वीडनचा ह्यूगो विस्लांडर विजेता ठरला. (हरकत घ्यायची मुदत स्पर्धेनंतर तीस दिवसांची होती आणि ती केव्हाच उलटून गेली होती. या अन्यायावर मी वेगळं लिहू शकेन.) १९८२ मध्ये समितीने थॉर्पला परत घेतलं, पण संयुक्त विजेता म्हणून. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा एकटा विजेता झाला. म्हणजे १९५०, १९९० आणि आज छापलेली तीन पुस्तकं तीन वेगवेगळी उत्तरं देतील, आणि तिघंही आपापल्या दिवशी बरोबर. असा प्रश्न काढणं चांगलंच, फक्त त्याला तारीख जोडा.

उसेन बोल्टचंही तसंच. रिओनंतर त्याची नऊ सुवर्णं झाली. जानेवारी २०१७ मध्ये सहकारी नेस्टा कार्टर उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्यामुळे बीजिंग २००८ ची ४ × १०० मीटर रिलेची सुवर्णं गेली आणि बोल्टची आठ राहिली. २०१६ च्या शेवटी छापलेला कुठलाही संच या बाबतीत शिळा आहे.

‘पहिली महिला विजेती’ हा प्रश्न मी असते तर सरळ उडवला असता. लोक शार्लट कूपर म्हणतात, टेनिस, पॅरिस १९००. पण त्याच ऑलिम्पिकमध्ये मे महिन्यात स्वित्झर्लंडची एलेन द पूर्तालेस नौकानयनात विजेत्या संघात होती, कूपर जुलैमध्ये जिंकली. ‘वैयक्तिक’ शब्द घातला की कूपर, गाळला की पूर्तालेस. पॅरिस १९०० तसंही विलक्षण प्रकरण आहे: जागतिक प्रदर्शनाच्या जोडीने मे ते ऑक्टोबर चाललेलं, उद्घाटन सोहळा नाहीच. गोल्फ जिंकलेली मार्गारेट ॲबट १९५५ मध्ये वारली, आपण ऑलिम्पिक विजेती आहोत हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि वल्हवण्याच्या शर्यतीत डच जोडीने स्वतःचा सुकाणू धरणारा जड वाटला म्हणून ऐन वेळी एक फ्रेंच पोरगा नावेत बसवला आणि शर्यत जिंकली. त्या दोघा दांडग्या खेळाडूंमध्ये उभा असलेल्या त्या पोराचं छायाचित्र आहे, वय मात्र अंदाजानेच सांगतात. ‘सर्वांत लहान वयाचा विजेता’ विचाराल तर हा पोरगा उत्तरपत्रिकेतून डोकं वर काढणारच.

सर्वांत वयस्कर पदकविजेता? ऑस्कर स्वान, स्वीडन, नेमबाजी, १९२०, वय ७२. पण १९१२ ते १९४८ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये चित्र, शिल्प, वास्तुकला, साहित्य आणि संगीताचीही पदकं होती, आणि १९४८ मध्ये ब्रिटनच्या जॉन कॉप्लीला ७३ व्या वर्षी रौप्य मिळालं होतं. ही कलेची पदकं आता अधिकृत मोजणीत धरत नाहीत. ‘खेळात’ एवढा एक शब्द घातलात की वाद मिटतो.

भारताबद्दलचे प्रश्न काढताना नॉर्मन प्रिचर्ड जपून हाताळा. १९०० ची त्याची दोन रौप्यपदकं ऑलिम्पिक समिती भारताच्या खात्यात धरते, ॲथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आकडेवारीत मात्र तो ब्रिटनचा म्हणून आलेला आहे. ‘स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक’ विचारा, म्हणजे खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२, कुस्तीतलं कांस्य. तिथे कोणी बोट ठेवू शकणार नाही.

क्रमांकाचे प्रश्नही नकोत. उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये रद्द झालेली १९१६, १९४० आणि १९४४ चीही गणती होते, म्हणून पॅरिस २०२४ हे तेहेतिसावं, प्रत्यक्षात भरलेलं तिसावं. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये रद्द झालेली धरतच नाहीत. शिवाय टोकियो २०२० भरलं २०२१ मध्ये, हांगझो २०२२ च्या आशियाई स्पर्धा भरल्या २०२३ मध्ये. ‘२०२३ मध्ये कुठली मोठी स्पर्धा झाली?’ असं विचारलं की अर्धे लोक नावातल्या सालावरून अडखळतात, आणि त्यात ज्ञानाची कसोटी कसलीच नाही.

पदकतक्त्यांवर तर मी प्रश्न काढणंच सोडलंय. ‘जर्मनीची एकूण पदकं’ म्हणजे कुठल्या जर्मनीची? पूर्व, पश्चिम, की १९५६ ते १९६४ दरम्यान एकत्र उतरलेला संयुक्त संघ? प्रत्येक संकेतस्थळ आपापल्या परीने बेरीज करतं. चुरशीचा प्रश्न हवा असेल तर एडी ईगन घ्या: १९२० मध्ये मुष्टियुद्धात सुवर्ण, १९३२ मध्ये बॉबस्लेत, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत, सुवर्ण. पण ‘उन्हाळी आणि हिवाळी दोन्हींत सुवर्ण मिळवणारा एकमेव’ असं लिहू नका. स्वीडनच्या गिलिस ग्राफस्ट्रॉमने फिगर स्केटिंगचं सुवर्ण १९२० च्या उन्हाळी ऑलिम्पिकमध्येच घेतलं होतं आणि पुढे १९२४ व १९२८ च्या हिवाळीतही. ईगनचं वेगळेपण ‘दोन वेगवेगळ्या खेळांत’ या शब्दांत आहे.

आणखी एक, जाता जाता. पहिल्या ऑलिम्पिकची तारीख विचारणार असाल तर ६ एप्रिल १८९६ लिहा, पण ग्रीक कागदपत्रांत २५ मार्च दिसली तर दचकू नका. ग्रीस तेव्हा ज्युलियन पंचांग पाळत होता, दिवस एकच आहे. आणि तिथल्या विजेत्यांना सुवर्णपदक नव्हे, रौप्यपदक आणि ऑलिव्हची फांदी मिळाली. सुवर्ण-रौप्य-कांस्य ही पद्धत १९०४ पासूनची. आधीच्या क्रमांकांना समितीने ती मागाहून लावली, त्यामुळे यूरीची पॅरिसची तीन ‘सुवर्णं’सुद्धा या मागाहूनच्या मोजणीतली.

आयोजकांना आज उत्तर द्यायचं असेल तर असं लिहा: प्रश्नात मोजणीचा आधार दिलेला नव्हता, अधिकृत नोंदीप्रमाणे आठ, १९०६ धरल्यास दहा, दोन्ही ग्राह्य धरावीत ही प्रश्नकर्त्याची शिफारस. एक प्रत स्वतःकडे ठेवा. ते नाही म्हणाले तर तेही लेखीच मागा. बाकीचे प्रश्न इथे टाकलेत तर वेळ मिळेल तसे पाहीन, विशेषतः राष्ट्रकुल स्पर्धांचे. त्या स्पर्धेचं नाव १९३० पासून इतक्या वेळा बदललंय की ‘पहिली राष्ट्रकुल स्पर्धा’ म्हटल्यावर हॅमिल्टन १९३० म्हणायचं की दुसरं काही, यावरून तुमच्या स्पर्धेत नक्की भांडण होईल.