‘पोहोचले’ आणि ‘पोच आली’ एकच का?

रत्नागिरीहून विचारणा आहे : मासळी लिलावाच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला आतल्या संदेशांवर नजर ठेवणारा मराठी स्क्रीन जोडायचा आहे. रॅबिटएमक्यू (एका प्रोग्रॅमचे संदेश रांगेत ठेवून दुसऱ्याला देणारे सॉफ्टवेअर) रांगेचे ‘रेडी’ आणि ‘अनअ‍ॅक्ड’ असे दोन आकडे देते. दोन्हींना ‘प्रलंबित’ म्हटले तर चालेल का?

नाही. ‘प्रलंबित’मधून काम कुणापाशी अडले ते कळत नाही, आणि हा स्क्रीन उघडायचा तो नेमका तेवढ्यासाठी. ‘रेडी’ संदेश अजून रांगेत आहेत, त्यांना ‘रांगेतले’ म्हणा. ‘अनअ‍ॅक्ड’ संदेश घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती पडले, पण काम झाल्याचे त्याने कळवलेले नाही. ते पोहोचले; पोच आली नाही.

कोकणाला हा भेद जुना आहे. चाकरमान्याची मनीऑर्डर पोस्टमनने घरी दिली की पैसे पोहोचत. घरच्यांच्या सहीची किंवा अंगठ्याची चिठ्ठी मुंबईला परत येई, ती पोच. म्हणून ‘पोच बाकी’ हे नाव चपखल. ‘पोचलेले’ मात्र टाळा : ते ‘पोहोचलेले’चेच दुसरे रूप, वाचणारा हमखास फसेल.

नाव नेमके असले की आकडा बोलतो. ‘रांगेतले’ वाढताहेत आणि ‘पोच बाकी’ शून्य, तर बहुधा घेणारा प्रोग्रॅम जोडलेलाच नाही. ‘पोच बाकी’ १०० वर खिळली आणि प्रत्येकी ५० प्रीफेचचे (पोच न देता एका वेळी हाती घेता येणाऱ्या संदेशांची मर्यादा) दोन प्रोग्रॅम चालू आहेत, तर दोघांचेही हात भरलेत. पुढे डेटाबेस अडला आहे का ते पाहा. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर पोच न दिलेले संदेश रांगेत परत येतात आणि एकाच पाटीचा लिलाव दोनदा नोंदला जाऊ शकतो. त्यांना ‘फिरून दिलेले’ असा वेगळा रकाना द्या. ऑटो-अ‍ॅक चालू असेल तर पाठवताक्षणीच पोच धरली जाते. मग ‘पोच बाकी’ कायम शून्य दिसते आणि बंद पडलेल्या प्रोग्रॅमच्या हातातले संदेश गमावले जातात. लिलावाच्या नोंदींना ते नकोच.

‘तुंबले’ हा शब्द जपून वापरा. बोटी मिरकरवाड्याला लागल्या की १,२०० संदेश साठतीलही. सेकंदाला ४० येत असतील आणि ६० ची पोच मिळत असेल तर मिनिटभरात निचरा होतो. उलट ६० येऊन ४० चीच पोच मिळत राहिली, तर तुंबले. त्यासाठी हे दोन्ही वेग शेजारीशेजारी दाखवा.

आणि ‘निरोप’ऐवजी ‘संदेश’च बरा. ‘निरोप दिला’ म्हणजे कळवले की वाटेला लावले, हे रकान्याच्या दोन शब्दांत उलगडत नाही.