ऑफरोडसाठी ऑल-व्हील ड्राइव्ह पुरते का, की खरी फोर-बाय-फोरच घ्यावी?

तुम्ही विचारलंय की गाडी रोज ऑफिसला न्यायची, अधूनमधून माळरान, नदीपात्र करायचं, तर ऑल-व्हील ड्राइव्हवर भागेल का? इंजिन ताकदवान घ्यावं का? आणि सेकंडहँड चालेल का?

आधी इंजिनाचं सांगतो, कारण तो प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. वाळूत जास्तीची ताकद गाडी बाहेर काढत नाही, आणखी खोल पुरते.

आमचे दाजी हे मानत नाहीत. त्यांच्याकडे २०० च्या वर हॉर्सपॉवरची, ऑल-व्हील ड्राइव्हची, २० इंची अलॉयवाली भारदस्त गाडी. माझ्या गाडीत त्याच्या निम्मी ताकद, पण लॅडर चासी (शिडीसारखा मजबूत सांगाडा), पुढे-मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा अखंड दांडा) आणि ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीला, लो रेंज, म्हणजे वेग कमी, जोर जास्त देणारा गिअर. खरी फोर-बाय-फोर म्हणतात ती हीच. एकदा दोन्ही गाड्या कोरड्या नदीपात्रात घातल्या. उतरायच्या आधी मी टायरची हवा ३२ वरून १६ पीएसआयवर आणली, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. दाजी म्हणाले, "हवा सोडत बसायला आलोय का आपण?" आणि निघून गेले पुढे.

थोड्याच अंतरावर त्यांची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. तिथेच ॲक्सिलरेटर सोडला असता तर आपल्याच चाकोरीतून रिव्हर्स येता आलं असतं. त्यांनी तो आणखी दाबला. इकडे ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू नयेत म्हणून असलेली यंत्रणा) इंजिन आवळतंय, तिकडे हे जोर लावतायत. मग मागच्या ॲक्सलला ताकद देणारा क्लच तापला, डॅशबोर्डवर तसा इशारा आला आणि मागच्या चाकांची ताकदच बंद झाली. तोवर गाडी पोटावर बसली होती.

खणताना कंबर गेली. वर गाडी ओढायचा पट्टा टो-बॉलला अडकव म्हणून दाजी मागे लागले. मी साफ नाही म्हटलं. तो गोळा ट्रेलर ओढायला असतो. झटक्याने तुटला तर सरळ काच फोडून आत येतो आणि त्यात माणसं मेलेली आहेत. शेवटी त्यांच्या टायरची हवा काढली (तीही २२ च्या खाली न्यायची हिंमत झाली नाही, कारण असल्या बारीक कडेच्या टायरची हवा फार कमी केली की रिम दगडावर आपटते) आणि बंपरमधल्या हुकाला पट्टा लावून, लो रेंजमध्ये, झटका न देता हळूहळू ओढलं.

आजही ते लग्नाकार्यात सांगतात, "ह्याची गाडी हलकी म्हणून निघाली." अहो, हलकी होतीच! म्हणून तर घेतली. जिम्नी बघा, दीड लिटरचं इंजिन, वजन ११०० ते १२०० किलो. ती जिथून जाते तिथे दुप्पट वजनाच्या गाड्या रुततात. ब्रोशरमधला वजनाचा आकडा कोणी वाचतच नाही.

तर तुमचं. खडीचा रस्ता, ओलं गवत, थोडा राडा एवढंच असेल तर ऑल-व्हील ड्राइव्ह पुरते. दगडांवरून चढायचं, तीव्र उतार इंजिन ब्रेकिंगवर सावकाश उतरायचा, तर लो रेंज हवीच. अप्रोच अँगल (बंपर न घासता किती उभ्या चढाला भिडता येतं तो कोन) बघा, नुसता ग्राउंड क्लिअरन्स बघून फसू नका. लॉकरचे (एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं यंत्र) पैसे नंतर खर्च करा, आधी चांगले ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे) टायर आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर.

पार्ट-टाइम फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद हवी तेव्हाच लावायची) असेल तर कोरड्या डांबरी रस्त्यावर टू-व्हीलमध्येच ठेवा. पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरेन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो, वळताना पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो.

आता हेही सांगायला हवं की रोजच्या वापरात माझी गाडी वैतागवाणी आहे. हायवेवर डुलते, स्टिअरिंग सैल, टायरचा आवाज वेगळाच. बायको लांबच्या प्रवासाला दाजींचीच गाडी मागते. त्यामुळे वर्षातून एखाद्या वेळीच कच्च्यात जाणार असाल तर माझं ऐकू नका.

सेकंडहँड खुशाल घ्या, पण खालून चासीचा गंज बघा. विकणारा कौतुकाने म्हणाला की फोर-लो (लो रेंजचा गिअर) कधी वापरलाच नाही, तर आणखी सावध व्हा. न वापरलेला लिव्हर अडकून बसतो. मातीवर नेऊन स्वतः टाकून बघा. लागायला हवा, आणि पुन्हा सुटायलाही हवा.