मोतीबिंदू पिकायची वाट बघू का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही गोवंडीला राहतो. सासूबाई ६८ वर्षांच्या, कॅम्पवाले उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सांगून गेलेत. हल्ली त्यांना तांदळातले खडे दिसत नाहीत, जिना उतरताना भिंत धरतात. शेजारच्या मावशी म्हणतात आधी पिकू दे आणि थंडीतच कर. मेडिकलवाल्याने ड्रॉप दिलाय तो बरेच दिवस चालू आहे, लाली उतरते त्याने. मिस्टर रिक्षा चालवतात, एक खाडा म्हणजे गाडीचं भाडं अंगावर, म्हणून पण राहतंय. मिस्टरांना शुगर आहे पण नजर चांगली आहे. काय करू?

उत्तर: ताई, आधी त्या ड्रॉपचं बघा. लाली उतरवणाऱ्या ड्रॉपमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, विचारल्याशिवाय घालत राहिलं की डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही हो, मोतीबिंदूची येते. बाटली सोबत घेऊनच दाखवायला जा.

मावशी सांगतात ते जुन्या काळचं. तेव्हा अख्खं भिंग काढून जाड चष्मा द्यायचे म्हणून डोळा पार बंद होईपर्यंत थांबवायचे. आता छोट्या छेदातून मोतीबिंदू काढून आत लेन्स बसवतात, उलट जास्त पिकला तर कडक होतो, काढायला अवघड, फारच झाला तर प्रेशर वाढून डोळा ठणकतो आणि कायमचा जाऊ पण शकतो. आणि थंडीचं काय, थिएटरात जून काय नि जानेवारी काय!

केंद्राचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून आहे, त्यात हे ऑपरेशन मोफत होतं. फुकटची लेन्स हलकी असणार असं बरेच जण म्हणतात, तसं नाही. लेन्स परदेशातून यायच्या तेव्हा महाग होत्या, १९९२ ला मदुराईच्या अरविंद डोळ्यांच्या हॉस्पिटलवाल्यांनी ऑरोलॅब नावाचा कारखाना काढून इथेच बनवायला घेतल्या आणि किंमत धाडकन उतरली.

तुमच्याकडून सायन हॉस्पिटल जवळ, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा, आधार न्या. शुगर, बीपी तपासतील, लेन्सचा नंबर काढतील. खाड्याचं म्हणाल तर मिस्टरच कशाला पाहिजेत, तुम्ही जा किंवा त्या मावशींनाच न्या. घरातल्या बाईचा डोळा नेहमी शेवटच्या नंबरावर असतो, मला याचा राग येतो खरंतर. ऑपरेशननंतर डोळा लाल झाला, दुखला किंवा दिसायचं कमी झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

मिस्टरांचं मात्र मनावर घ्या. शुगरने मागचा पडदा खराब होत असतो तेव्हा सुरुवातीला काहीच कळत नाही, त्यामुळे नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा पडदा तपासायलाच हवा. फक्त त्या तपासणीच्या ड्रॉपने काही तास धुरकट दिसतं, म्हणून त्या दिवशी रिक्षा घरीच ठेवा, आणि सासूबाईंच्या तारखेलाच त्यांचीही नको, नाहीतर कोण कोणाला हात धरून घरी आणणार?