बारा वर्षांच्या फास्ट बोलरला किती जपायचं?

ताई, मोतीबाग मैदानाच्या जाळीबाहेरून मुलाच्या प्रत्येक चेंडूला ‘जपून रे’ ओरडू नका. गुडघा खरचटेल, धुतला की झालं. जपायची ती कंबर.

या वयात एका स्पेलला, म्हणजे बोलिंगच्या एका सलग पाळीला, 5 षटकं, दिवसाला 10, त्यापुढे नाही. नेटमधले, म्हणजे सरावातले चेंडूही यात धरायचे. हिशेब तिथेच चुकतो, कारण शाळा, क्लब, अकॅडमी जो तो आपापलंच मोजतो. वही तुमच्याकडे हवी. तारीख, चेंडू, काही दुखलं का, एवढंच लिहा. आठवड्याचे खेळाचे तास वयापेक्षा जास्त नकोत, म्हणजे 12, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी.

उजव्या हाताने टाकणाऱ्याची डावीकडची कंबर दुखली, मागे वाकताना कळ वाढली, तर बाम चोळत बसू नका. मणक्याला बारीक तडा असू शकतो. साध्या एक्स-रेत तो पुष्कळदा दिसत नाही. हाडांच्या डॉक्टरांना एमआरआयचं विचारा. बोलिंग त्याच दिवशी बंद, मग फायनल असली तरी.

टीममधून वगळलं, सर रागावले, यात पडू नका. पण कोणी त्याला एकट्याला खोलीवर बोलावलं किंवा रात्री गुपचूप मेसेज केले, तर तिथे लगेच मध्ये पडा.