वॉरंटी संपली, तक्रार मात्र आधीची

प्रश्न : फ्रिज घेऊन चौदा महिने झाले. दहाव्या महिन्यात त्यातला आइस मेकर बंद पडला. दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा टेक्निशियन रिसेट करून गेला आणि आठवड्याभरात बर्फ पुन्हा बंद. आता कंपनी म्हणते, एक वर्षाची वॉरंटी संपली, नवा आइस मेकर पैसे भरून घ्या. बाहेरून आणून स्वतः बसवला तर कंप्रेसरची दहा वर्षांची वॉरंटीही जाईल म्हणतात. नवा फ्रिज मागता येईल का?

उत्तर : नवा भाग आणला असेल तर तो खोक्यातच राहू द्या. फ्रिजला हात लावण्याआधी कागद गोळा करा.

वॉरंटी आज संपली आहे की नाही, यावर तुमचं प्रकरण अडत नाही. दोष दहाव्या महिन्यात नोंदवला गेला आणि तो दूरच झाला नाही, हा तुमचा मुद्दा. रिसेट म्हणजे दुरुस्ती नव्हे. त्यामुळे दोन्ही भेटींची जॉब शीट (टेक्निशियनने काय पाहिलं, काय केलं याची लेखी नोंद), तक्रार क्रमांकाचे मेसेज आणि बिल हेच तुमचे साक्षीदार. जॉब शीट दिलीच नसेल तर ईमेल करून मागा. नकार आला तर तोही जपून ठेवा.

कंपनी बहुधा पाण्याच्या दाबावर किंवा चोंदलेल्या फिल्टरवर खापर फोडेल. ते बघून घ्या, कारण कधी कधी दोष खरंच तिथे असतो आणि मग कायद्याचं कामच उरत नाही.

यानंतर पंधरा दिवसांची मुदत देऊन लेखी नोटीस पाठवा आणि भाग विनामूल्य बदलून मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवा. एवढ्यावर पुष्कळ प्रकरणं मिटतात. नाही मिटलं तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही (हे मी वकील असून सांगतो आहे). आयोगात तक्रार दाखल करायची कलम 69 ची मुदत दोन वर्षांची आहे. पहिल्या तक्रारीपासून मोजलीत तरी वीस महिने उरतात.

नवा फ्रिज? कलम 39 खाली आयोग वस्तू बदलून द्यायला सांगू शकतो. पण बाकी फ्रिज उत्तम चालत असताना एका भागापायी संपूर्ण फ्रिज मागितलात तर हट्टी दिसाल. आइस मेकर आणि झालेल्या त्रासाची भरपाई मागा.

स्वतः बदलण्याबद्दल. आइस मेकर बदलल्याने कंप्रेसर बिघडला, हे कंपनीने दाखवावं, असा युक्तिवाद मी नक्की करीन. मात्र वॉरंटी कार्डातली अट आधी वाचा. तुम्ही ती मान्य केली आहे असं समोरचा वकील म्हणणारच. शिवाय तुम्ही जोडलेल्या नळीतून पाणी गळून फरशी किंवा फर्निचर खराब झालं तर ती भरपाई मागताना कलम 87 आडवं येतं : वस्तूत फेरफार झालेला असेल तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीचा, दावा चालत नाही.

थांबणं शक्यच नसेल तर अधिकृत सेवा केंद्राकडून पैसे भरून बसवून घ्या, पावतीवर ‘हक्क राखून’ असं लिहा आणि ती रक्कम नंतर मागा. जुना भाग त्यांना परत नेऊ देऊ नका. आयोगाने तपासणीसाठी प्रयोगशाळेत वस्तू पाठवायची ठरवली, तर पाठवायला तेवढाच तुमच्याजवळ उरलेला असेल.